मृगाच्या पावसात गेलेली आठ लायसन्स

काम: फोन सर्व्हर बदलणे. जागा: शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर (फाउंड्री आणि मुख्य ऑफिस) व कुडाळचा डेपो. नोंदी वहीत जशा होत्या तशाच उतरवल्यात, फक्त पासवर्ड आणि शिव्या गाळल्यात.

११ जून २०२४, मंगळवार

रात्री मृगाचा पाऊस आणि विजा. सकाळी साडेआठला गेटवरच्या वॉचमनचा मोबाइलवर फोन, "सायेब, हापिसातला एक बी फोन लागंना." सर्व्हर रूमचं दार उघडल्यावर वासावरूनच समजलं. २०१३ चं मशीन. पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. डिस्क शाबूत. पीआरआय लाइनचं (टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या बाहेरच्या लाइनचं) कार्डही शाबूत, हे नशीब. आज तसलं कार्ड मागवायचं तर आठवडा गेला असता.

डिस्क आणि कार्ड काढून ड्रॉइंग विभागातल्या रिकाम्या पीसीत बसवलं. साडेअकराला अ‍ॅस्टरिस्क (फोन सर्व्हरचं सॉफ्टवेअर) उठलं. आतले फोन चालू, बाहेरची तीस चॅनेलची लाइन चालू. सगळ्यांनी सुस्कारा टाकला आणि चहा आला. चहा संपायच्या आत कुडाळहून मोबाइल: "रिंग येता, उचलतंय, पण ऐकाक येना नाय."

लॉगमध्ये एकच ओळ शेकडो वेळा: ए-लॉ (बाहेरच्या लाइनचा साधा आवाज) मधून जी.७२९ (कुडाळसाठी दाबलेला आवाज) मध्ये जायचा मार्ग सापडत नाही. म्हणजे कंप्रेशनचं मॉड्यूल लोड झालंय, पण लायसन्स मानत नाही.

कारण साधं आहे. आठ चॅनेलची लायसन्स २०१३ साली विकत घेतली होती आणि ती त्या मशीनच्या नेटवर्क कार्डच्या मॅक अ‍ॅड्रेसला (कार्डाचा स्वतःचा कायमचा नंबर) बांधलेली होती. नेटवर्क कार्ड मदरबोर्डवरच होतं. बोर्ड जळला, अ‍ॅड्रेस गेला, त्याबरोबर लायसन्सही. फायली डिस्कवर आहेत, पण या पीसीत त्यांची किंमत रद्दीची.

१२ जून, बुधवार

लायसन्स पुन्हा रजिस्टर करता येतात, पण त्याला मूळ की लागते. की कुठे आहे? २०१३ ला ज्यांनी बसवून दिलं त्यांच्या ईमेलवर. त्यांचं दुकान बंद होऊन काही वर्षं झाली, ईमेल उसळून परत आला. आमच्या फाइलीत फक्त बिल सापडलं: आठ चॅनेल, चॅनेलला दहा डॉलर. तेव्हाच्या दराने पाच हजारांच्या आसपास. बिलावर की नाही.

दुसरा उपाय मला माहीत होता. नव्या कार्डाला जुना मॅक अ‍ॅड्रेस हाताने लावायचा. मॉड्यूल फसलं असतं. केलं नाही. काही फार मोठी तत्त्वं म्हणून नाही; दहा वर्षांनी दुसरा कोणी हे मशीन उघडेल, तेव्हा मी असली खोड करून ठेवलेली त्याला सापडू नये, एवढंच.

तात्पुरतं: कुडाळला कंप्रेशन बंद, साधा, न दाबलेला जी.७११ चालू. तिथली लाइन अजून तीच जुनी, वायरलेसवरची एक एमबीपीएसची. त्यातली निम्मी बिलिंगला आणि कॅमेऱ्याला जाते. एकावेळी चारच कॉल, अशी मर्यादा घातली. पाचव्याला बिझी टोन. कुडाळचे भाऊ (स्टोअर सांभाळतात, माझ्या वडिलांच्या वयाचे) म्हणाले, "बिझी परवाडला, मुको फोन नको."

हे वाक्य लिहून ठेवलं, कारण "मुका फोन" ही कुडाळची तक्रार आजची नाही. चार-पाच वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी पावसाला आणि लाइनला दोष देऊन मोकळा होतोय.

१३ जून, गुरुवार

साहेबांनी विचारलं, "आवाज दाबायला एवढी पंचाईत? आणि त्याला पैसे?" त्यांना सांगितलं ते इथेही लिहितो.

टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात, प्रत्येक मोजणीला ८ बिट. झाले ६४ किलोबिट. हा जी.७११, १९७२ पासूनचा. भारतात आणि युरोपात त्याचा ए-लॉ प्रकार चालतो, अमेरिकेत आणि जपानमध्ये म्यू-लॉ. (आमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये म्यू-लॉ पहिला लिहिलेला होता. इंटरनेटवरून अमेरिकन नमुना उतरवल्याची खूण. अकरा वर्षं बाहेरचा प्रत्येक कॉल उगाच एकातून दुसऱ्यात बदलत होता. फार ओझं नाही, पण लाज वाटली.)

जी.७२९ आवाजाची लाट पाठवतच नाही. दर १० मिलिसेकंदाला तो माणसाच्या गळ्याचा अंदाज बांधतो: नळीचा आकार आत्ता कसा आहे, सूर किती, आणि त्या नळीत कुठली फुंकर घातली की असा आवाज निघेल. फुंकरी एका ठरलेल्या कोशात असतात, त्यातला नंबर पाठवायचा. ८० मोजण्यांच्या जागी ८० बिट. सेकंदाला ८ किलोबिट, म्हणजे आठपट बचत.

पण ही आठपट कागदावरची. आवाज पाकिटातून जातो आणि प्रत्येक पाकिटाला आयपी, यूडीपी, आरटीपी मिळून ४० बाइटचं वेष्टन. २० मिलिसेकंदाच्या पाकिटात जी.७२९ चा आवाज २० बाइट, वेष्टन ४०. खव्यापेक्षा खोकं जड. सेकंदाला ५० पाकिटं धरली तर २४ किलोबिट होतात, ८ नव्हे. जी.७११ चं त्याच हिशेबाने ८०. खरी बचत तिपटीच्या थोडी वर. वर व्हीपीएनचं (दोन ऑफिसांमधल्या खाजगी जोडणीचं) वेष्टन चढलं की तीही घटते. पाकीट ४० मिलिसेकंदाचं केलं तर जी.७२९ १६ वर येतो, फक्त एक पाकीट हरवलं की शब्दाचा मोठा लचका जातो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पैसे कशाचे, ते अजून सांगितलं नाहीस."

१५ जून, शनिवार

पैसे कशाचे, तेच शोधत बसलो. आणि आज चार-पाच वर्षांच्या मुक्या फोनचं गूढ सुटलं. सावकाश लिहितो, कारण हीच गोष्ट २०१३ ला कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

कुडाळमध्ये दहा फोन. लायसन्स आठ. सगळ्यांचा समज असा की लायसन्स फोनामागे लागतं, म्हणजे एकावेळी आठ जण बोलू शकतात, आणि दहाच्या दहा कधी बोलत नाहीत, तेव्हा पुरेशी आहेत. हा समज चूक. लायसन्स फोनाला लागतच नाही. फोनात स्वतःचा जी.७२९ आहे, त्याची किंमत फोनच्या किमतीत आलेली. कुडाळचा फोन आणि शिरोलीचा फोन दोघंही जी.७२९ बोलत असतील तर सर्व्हर बंद पाकिटं नुसती इकडून तिकडे देतो. पोस्टमन जसा पत्र न फोडता देतो तसं. शून्य लायसन्स.

सर्व्हरला पाकीट फोडावं लागतं तेव्हाच लायसन्स खर्ची पडतं. बाहेरच्या लाइनवरचा माणूस ए-लॉ मध्ये बोलतो, तो कुडाळला जोडायचा तर फोडायला आणि बांधायला एकेक. आयव्हीआरमध्ये "एक दाबा, दोन दाबा" ऐकवायचं, होल्डवर सनई वाजवायची, व्हॉइसमेल ठेवायचा, तिघांना एकत्र जोडायचं, प्रत्येक वेळी फोडाफोडी.

आणि कॉल रेकॉर्डिंग.

जुन्या डिस्कवर कॉन्फिगच्या तारखा बघितल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोणीतरी (हस्ताक्षर नसलं तरी ओळखतो, मीच) सगळ्या कॉलचं रेकॉर्डिंग चालू केलं होतं. एका डीलरशी ऑर्डरवरून भांडण झालं होतं, तेव्हा साहेब म्हणाले, सगळं रेकॉर्ड कर. केलं. त्या दिवसापासून कुडाळ-शिरोली हा आतला कॉल, जो फुकट जात होता, तो रेकॉर्ड करायला दोन्ही बाजूंचा आवाज फोडावा लागू लागला. एका कॉलला दोन डीकोडर (आवाज फोडणारे). चार आतले कॉल झाले की आठही संपले. मग पाचवा, बाहेरचा शेतकरी पंपाची तक्रार घेऊन कुडाळला जोडला, की सर्व्हरकडे फोडायला हात नाही. रिंग जाते, फोन उचलला जातो, आवाज नाही.

२०२३ च्या लॉगमध्ये अशा वेळा मोजायला घेतल्या. बहुतेक सकाळी अकरा ते एक, म्हणजे स्टॉक विचारायची वेळ. कडक उन्हाच्या मार्चमध्येही तेवढ्याच. पावसाचा काही संबंध नव्हता.

लायसन्स किती वापरात आहेत हे दाखवणारी कमांड अ‍ॅस्टरिस्कमध्ये पहिल्यापासून होती: आठपैकी इतके एन्कोडर (बांधणारे), इतके डीकोडर. अकरा वर्षांत कोणी चालवली नाही. मीसुद्धा नाही.

भाऊंना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग, "म्हणजे पाच वर्सां मी त्या रेडिओवाल्याक उगाच गाळी घातलंय."

१८ जून, मंगळवार

काल बकरी ईदची सुट्टी. घरी बसून लायसन्सचं पुढचं वाचलं.

जी.७२९ मार्च १९९६ चा. त्यामागचं तंत्र कॅनडातल्या शेरब्रूक विद्यापीठातल्या संशोधनातून आलं, त्यात फ्रान्स टेलिकॉम आणि जपानची एनटीटी यांचेही हक्क. सगळ्यांची पेटंट एकत्र बांधून सिप्रो लॅब टेलिकॉम ही कॅनडातली कंपनी लायसन्स देत असे. जगात कोणीही जी.७२९ चा फोन किंवा सॉफ्टवेअर विकलं की तिकडे वाटा जायचा. अ‍ॅस्टरिस्क स्वतः फुकट, पण हा कोडेक (आवाज दाबायची पद्धत) त्यात फुकट घालता येत नव्हता, म्हणून चॅनेलला दहा डॉलर आणि मॅक अ‍ॅड्रेसचं कुलूप.

१ जानेवारी २०१७ पर्यंत त्यातल्या बहुतेक पेटंटची मुदत संपली आणि उरलेलीही फुकट वापरायला मोकळी झाली. म्हणजे आम्ही जे कुलूप गेल्या मंगळवारी विजेत गमावलं, त्याची गरज साडेसात वर्षांपूर्वीच उरली नव्हती.

इथे एक गल्लत होते ती माझीही झाली. पेटंट संपलं म्हणून विकत घेतलेलं ते मॉड्यूल फुकट झालं, असं नाही. मॉड्यूल हे कोणीतरी लिहिलेलं सॉफ्टवेअर, त्याचे हक्क वेगळे, त्याचं कुलूप तसंच. पाककृती सर्वांची झाली तरी हॉटेलातल्या ताटाचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे ते मॉड्यूल बाजूला. बेलेडॉन कम्युनिकेशन्स या फ्रेंच कंपनीने जी.७२९ स्वतः नव्याने लिहून बीसीजी७२९ नावाने खुलं ठेवलंय, जीपीएल (खुल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स) तिसऱ्या आवृत्तीखाली. ते घ्यायचं. अ‍ॅस्टरिस्कची जीपीएल दुसरी आवृत्ती, दोन्ही एकत्र करून इतरांना द्यायचं असेल तर वकिलाला विचारावं लागेल. आम्ही कोणाला देत नाही, आमच्याच ऑफिसात चालवतो, तेव्हा अडचण नाही.

साहेबांना एका ओळीत सांगितलं: पुन्हा पैसे नाहीत. "मग आधी का न्हाई सांगितलंस?" याला उत्तर नव्हतं.

२० जून, गुरुवार

नवीन मशीन आलं. डेबियन १२, अ‍ॅस्टरिस्क २०. जुन्या आवृत्तीचं कॉन्फिग जसंच्या तसं चालवता आलं असतं, कारण फोन जोडणारा जुना सिप ड्रायव्हर २० मध्ये अजून आहे. पण २१ मध्ये तो काढून टाकलाय, मग आत्ताच त्याच्या जागी आलेल्या पीजेसिपवर गेलो. दिवस त्यातच गेला. लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी बीसीजी७२९ बांधून बसवलं. दहा कॉल एकदम फोडून, रेकॉर्ड करून बघितले. प्रोसेसरने मान वर केली नाही. १९९६ साली हेच गणित करायला खास चिप लागायची, म्हणून तर वर्षाअखेर हलकं रूप, परिशिष्ट ए, काढावं लागलं. आता मोजणी लायसन्सची नाही, आणि प्रोसेसरचीही नाही.

२१ जून, शुक्रवार. वटपौर्णिमा

आयव्हीआरचे आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचे होते. रिसेप्शनच्या मॅडम वडाची पूजा करून अकराला आल्या, उपवास, तरी पहिल्या झटक्यात आवाज दिला: "शेतीपंपाच्या तक्रारीसाठी एक दाबा. सुट्या भागांसाठी दोन दाबा." फायली दोन रूपात ठेवल्या, ए-लॉ आणि जी.७२९. समोरचा जे बोलतो ती फाइल सर्व्हर आपोआप उचलतो, ऐकवताना फोडाफोडी लागत नाही. हे २०१३ लाही करता आलं असतं.

दुपारी घोळ: कुडाळहून एक दाबलं तरी आयव्हीआर हलेना. नव्या कॉन्फिगमध्ये बटणाचा सूर आवाजातच जाईल अशी मांडणी चुकून तशीच राहिली होती. जी.७२९ ला गळा कळतो. बटणाचे दोन शुद्ध सूर त्याच्या कोशात नाहीत, तो त्यांना कुठल्यातरी घोगऱ्या स्वरात बदलतो. बटणं वेगळ्या पाकिटातून पाठवायची पद्धत (आरएफसी ४७३३) चालू केली, चाललं. फॅक्सचंही हेच, पण फॅक्स आता उरलाय कोणाकडे.

होल्डवरची सनईही याच कारणाने रडते. मॅडम म्हणाल्या, "मला वाटायचं मुद्दामच दुःखी लावलीय."

२४ जून, सोमवार

आजची गोष्ट लहान, पण माझं मत बदललं.

भाऊंशी बोलत होतो, कंप्रेशन चालू. ते इम्पेलरची ऑर्डर सांगत होते. शिरोलीच्या स्टोअरचा पोरगा लिहून घेत होता. भाऊ: "साठ." पोरगा: "सात?" भाऊ: "साठ, साठ. सहावर शून्य." मग पुढचा भाग: "सात." पोरगा: "साठ?" दोघंही असे सवयीने, न वैतागता, प्रत्येक आकडा दोनदा सांगत होते. मी विचारलं, हे नेहमी असं? पोरगा म्हणाला, "कुडाळचं असंच असतंय. एकोणसाठ, एकोणसत्तर तर लिहूनच मागतो व्हॉट्सअ‍ॅपवर."

"त" आणि "ठ" मधला फरक म्हणजे जिभेची जागा आणि क्षणभराची फुंकर. टेलिफोनचा पट्टा मुळातच ३४०० हर्ट्झला कापलेला, त्यात "स"चा निम्मा फुसकारा आधीच गेलेला. वर जी.७२९ त्या फुंकरीचा अंदाज बांधून दुसरीच, जवळची फुंकर देतो. ऐकणाऱ्यांच्या मतांच्या सरासरीत (५ पैकी) जी.७११ ला ४.१, जी.७२९ ला ३.९२ आणि हलक्या परिशिष्ट ए ला ३.७ असे गुण प्रसिद्ध आहेत. वाचताना वाटतं, एवढ्याशा दशांशाने काय होतंय. होतं ते असं: अकरा वर्षं दोन माणसं प्रत्येक आकडा दोनदा बोलली आणि त्यांनी त्याला कुडाळची तऱ्हा मानलं.

म्हणजे मी कंप्रेशन फुकट कसं मिळेल याच्या मागे लागलो होतो. विचारायला हवं होतं ते हे, की आता ते लागतं का.

२७ जून, गुरुवार

कुडाळ एमआयडीसीत फायबर येऊन दोन वर्षं झालीत, शेजारच्या काजू कारखान्याने घेतलंय. ५० एमबीपीएस, महिन्याचं भाडं आमच्या एक एमबीपीएसच्या वायरलेसपेक्षा कमी. आम्ही का बदललं नाही? "फोन त्या लाइनीवर चालतात, हात लावू नका" असं २०१३ साली कोणीतरी सांगून ठेवलं होतं. अर्ज केला.

ओपस घालावा का? नवा, खुला, २०१२ चा, ६ पासून ५१० किलोबिटपर्यंत ताणतो. पण आमच्या टेबलावरचे २०१३ चे फोन तो बोलत नाहीत. ते जी.७२२ बोलतात, १९८८ चा, तोही आता मोकळा. ६४ किलोबिटात ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज. आतल्या कॉलना तोच पहिला लावला. बाहेरच्या लाइनला ए-लॉ. जी.७२९ फक्त तेव्हा, जेव्हा फायबर बंद पडेल आणि कुडाळ ४जी डोंगलवर जाईल. ४० मिलिसेकंदाची पाकिटं, रेकॉर्डिंग चालूच, कारण फोडायला आता कोणी पैसे मागत नाही.

३ जुलै, बुधवार

काल फायबर चालू झालं. आज भाऊंनी ऑर्डर सांगितली. मी पोराच्या मागे उभा होतो, मुद्दाम.

"इम्पेलर साठ. बुश सात. मेकॅनिकल सील एकोणसत्तर."

पोराने लिहिलं. सवयीने "सात?" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

भाऊ थांबले होते. "आयकलंस मां?"

"आयकलं."

"मग परत इचार मरे, माका चुकल्यासारख्या वाटता."

बाकी: सर्व्हर रूमचं अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन शनिवारी. यूपीएसला सर्ज प्रोटेक्टर. होल्डची सनई जी.७११ वर कशी वाजते ते ऐकायचंय, मॅडमना आवडली तर ठेवू. जुन्या लायसन्सच्या आठ फायली, बिल आणि जळका बोर्ड एका खोक्यात घालून कपाटावर. टाकायला हात झाला नाही.